थोरली बार्शी लाईट, धाकटी इंग्लंडची: एका साहेबाच्या दोन छोट्या लाईनी

भोकरकरांना रेल्वेच्या रुंदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मुदखेड–आदिलाबाद ही आपली लाईन या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मीटरगेज होती. दोन रुळांमध्ये अंतर 1000 मिलिमीटर. हे माप आलं 1870 मध्ये, लॉर्ड मेयोच्या काळात. हिंदुस्थान लवकरच मेट्रिक मापं स्वीकारणार, मग रूळही मीटरचेच टाकू, असा तेव्हाच्या सरकारचा हिशेब होता. प्रत्यक्षात मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 मध्ये! तोवर मीटरच्या रुळांवरून तीन पिढ्या प्रवास करून गेल्या होत्या. आता भोकरच्या फलाटाला लागते ती 1676 मिलिमीटरवाली मोठी लाईन.

पण आपल्या शेजारी, लातूरला, याहून लहान रुळांचं राज्य होतं. 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. कंपनीचं नाव बार्शी लाईट रेल्वे, लोकांच्या तोंडी नुसतं ‘बार्शी लाईट’. या गाडीची एक धाकटी बहीण इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात धावत होती, आणि ती आपल्या बार्शीवरून बेतलेली होती. रेल्वे म्हटलं की विलायतेत झालं आणि मग इकडे आलं, असंच आपण धरून चालतो. इथे प्रवास उलट झाला. आधी बार्शी, मग इंग्लंड.

साहेब आला, त्याने बैलगाड्या पाहिल्या

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रोप. जन्म 1857. 1882 मध्ये तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुंबई–सोलापूर मोठी लाईन तेव्हा कुर्डुवाडीवरून जात होती, आणि त्या स्टेशनाचं नाव होतं बार्शी रोड. कारण बार्शीची कापसाची नि धान्याची बाजारपेठ तिथून वीसेक मैल आत होती. मधलं अंतर बैलगाड्यांचं. पावसाळ्यात काळ्या मातीतून भरली गाडी काढणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे.

कॅलथ्रोपने ठरवलं, इथे स्वस्तातली छोटी लाईन टाकायची. ठरवणं सोपं होतं, पैसे उभे करणं अवघड. त्यात वर्षं गेली. अखेर 1895 मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी नोंदवली गेली आणि 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. एका परक्या माणसाने बार्शीच्या बाजारावर दहा-बारा वर्षं इतका भरवसा ठेवावा, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या यंत्रांहून मोठी वाटते.

पाच टनांचं गणित

या लाईनीतली खरी हुशारी इंजिनात नव्हती, हिशेबात होती. कॅलथ्रोपने नियम घातला: इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाचा डबा, कुठल्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. सगळ्या आसांवर भार सारखा वाटला की रूळ हलके चालतात. त्याचे रूळ यार्डाला अवघे 30 पौंड वजनाचे होते. रूळ हलका म्हणजे खर्च कमी, पूल हलके, भराव लहान. जिथे मोठ्या लाईनीचा खर्च कधीच निघाला नसता, तिथे ही लाईन परवडू लागली.

मग एवढ्या हलक्या रुळांवर ताकदीचं इंजिन कसं चालवायचं? उत्तर: चाकं वाढवायची. लीड्सच्या किटसन कारखान्याने बार्शीसाठी आठ जोडचाकं आणि मागे चार छोटी चाकं असलेली इंजिनं बांधली. वजन बारा चाकांवर वाटलं गेलं आणि नियम शाबूत राहिला.

गंमत म्हणजे बार्शीचे डबे बार्शीच्या आधी इंग्लंडात धावले. हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ अंथरून त्यांची परीक्षा घेतली गेली. अडीच फुटांच्या रुळांवर एवढा माल ओढला जातो, हे तिथल्या इंजिनियरांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर हिंदुस्थानातल्या छोट्या लाईनींसाठी अडीच फुटांच्या मापाचा दबदबा वाढला, त्यात बार्शीच्या यशाचा मोठा वाटा आहे.

तीस वर्षांची बांधणी

1906 मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूर. 1907 मध्ये बार्शीहून तडवळे. 1911 मध्ये लातूर. आणि 1927 मध्ये पंढरपूरहून थेट मिरज. एकूण 202 मैल, म्हणजे 325 किलोमीटर. एका टोकाला लातूरचा गंज, मधे बार्शीचा कापूस आणि विठोबाची पंढरी, दुसऱ्या टोकाला मिरज. आषाढी-कार्तिकीला वारकरी आणि एरवी कापूस-धान्य, यांच्या जोरावर ही गाडी जगली.

लातूरला जाताना ही गाडी सरहद्दही ओलांडत असे! बार्शी ब्रिटिश मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मिरज पटवर्धनांच्या संस्थानात. आणि मालक कंपनी लंडनमध्ये. एकाच तिकिटावर तीन सत्तांचा मुलूख. निजामाची स्वतःची रेल्वे होती, भोकरची लाईन त्याच पसाऱ्यातली. पण लातूरच्या पेठेत पहिली शिट्टी घातली ती या परक्या कंपनीच्या छोट्या इंजिनाने.

मिरजेचं तर विचारूच नका. पुण्याहून येणारी लाईन 1971 मध्ये मोठी झाली, बेळगावकडची मीटरगेज होती, पंढरपूरकडून येणारी छोटी. तिन्ही मापं एकाच स्टेशनात बघायला मिळायची.

आता धाकटीकडे

इंग्लंडमध्ये 1896 मध्ये लाईट रेल्वेचा कायदा झाला. खेड्यापाड्यांत कमी खर्चात, कमी अटींत रूळ टाकता यावेत हा हेतू. स्टॅफर्डशायरमधल्या मॅनिफोल्ड नदीच्या दरीत अशी लाईन टाकायचं ठरलं आणि इंजिनियर म्हणून बोलावलं गेलं बार्शीवाल्या कॅलथ्रोपला. त्याने आपलं सिद्ध झालेलं माप तिथे नेलं: अडीच फूट. 27 जून 1904 रोजी लीक अँड मॅनिफोल्ड लाईट रेल्वे सुरू झाली. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, सव्वाआठ मैल. किलोमीटरमध्ये तेरा.

इंजिनं फक्त दोन, तीही किटसनचीच, बार्शीच्या धाटणीची. एकाचं नाव ‘ई. आर. कॅलथ्रोप’, दुसऱ्याचं ‘जे. बी. अर्ल’. इंग्लंडच्या धुक्यात या इंजिनांच्या कपाळावर भलेमोठे दिवे, जसे आपल्याकडच्या मोकळ्या माळावरून जाणाऱ्या गाडीला लागतात. डबे फिकट पिवळे, दोन्ही टोकांना ओसरीसारखी मोकळी जागा. इंग्लंडमधल्या माणसांना ही गाडी परदेशी वाटायची, आणि तसं वाटणं बरोबरच होतं. तिचं माहेर सोलापूर जिल्ह्यात होतं.

स्टेशन खाली, गाव वर

आपल्याकडे ‘रोड’ जोडलेलं स्टेशन दिसलं की गाव अजून लांब आहे हे प्रवासी ओळखतो. लातूर रोडला उतरलेल्याला लातूर गाठायला तीसएक किलोमीटर जावं लागतं. बार्शी रोडचा किस्सा वर आलाच. मॅनिफोल्डच्या दरीतही तेच दुखणं. ग्रिंडन, बटरटन, वेटन ही गावं डोंगरावर आणि त्यांची स्टेशनं खाली नदीकाठी. बाजाराचं ओझं घेऊन उतरलेल्या शेतकऱ्याला घरी पोचायला चढण चढावी लागे. मोटारबस सुरू झाली आणि ती गावातच थांबू लागली, तेव्हा खालच्या स्टेशनाकडे कोण जाणार?

दरीतलं सगळ्यात नावाजलेलं स्टेशन थॉर्स केव्ह. वर उंच कड्यात प्रचंड तोंडाची गुहा, आत अश्मयुगातल्या माणसांच्या खुणा सापडलेल्या. सुट्टीच्या दिवशी गुहा बघायला लोक गाडी भरून येत. पण चार सुट्ट्यांच्या गर्दीवर बारा महिन्यांचा कोळसा जळत नाही.

आणि नदीही अजब! उन्हाळ्यात मॅनिफोल्ड वेटन मिलच्या आसपास चुनखडकाच्या भोकांतून जमिनीखाली गडप होते, पात्र कोरडं पडतं, आणि पुढे काही मैलांवर पाणी पुन्हा वर येतं.

रेशीमवाला, बोगदा आणि टसर

या लाईनीवर एकच बोगदा, स्वेनस्लीचा, दीडशे मीटरच्या आसपास. शेजारी सर थॉमस वॉर्डल यांचा वाडा. ते लीक गावचे रेशीम रंगवणारे मोठे कारखानदार आणि या रेल्वेच्या कारभारातलेही. वाड्यातून गाडी दिसू नये म्हणून बोगदा काढला, असं तिथे सांगतात. आता पुढचं ऐका. याच वॉर्डल यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं हिंदुस्थानच्या जंगली रेशमाच्या, म्हणजे टसरच्या, अभ्यासात घातली. टसरवर रंग नीट धरत नसे. तो धरेल अशी रीत त्यांनी शोधली, आणि 1885-86 मध्ये ते हिंदुस्थानात येऊनही गेले. विदर्भात भंडाऱ्या-गडचिरोलीकडे आजही टसरचे कोष होतात. तेव्हा त्या दरीतल्या लाईनीचा इंजिनियरही हिंदुस्थानात घडलेला आणि तिचा रेशीमवालाही हिंदुस्थानच्या धाग्यात गुंतलेला.

डब्यावर डबा

दोन मापांच्या लाईनी जिथे भेटतात तिथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो. कुर्डुवाडीला हे काम हमालांच्या पाठीवर होतं. मोठ्या लाईनीच्या डब्यातलं पोतं छोट्या डब्यात, छोट्यातलं मोठ्यात. वेळ, मजुरी, नासधूस, सगळं वाढतं.

मॅनिफोल्डवर कॅलथ्रोपने यावर तोड काढली. छोट्या रुळांवर चालणारी एक सपाट, बुटकी गाडी बनवली आणि मोठ्या लाईनीचा अख्खा डबा, चाकांसकट, तिच्यावर चढवला. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदा इथेच झालं. दुधासाठी हे फार सोयीचं पडलं, कारण एक्टनला दुग्धशाळा होती आणि तिथलं दूध लंडनपर्यंत जायचं.

त्या दुधानेच लाईन तगली होती. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला दुग्धशाळा बंद पडली आणि दुधाची वाहतूक गेली. 10 मार्च 1934 ला शेवटची गाडी धावली, 12 मार्चपासून लाईन अधिकृतपणे बंद. उणीपुरी तीस वर्षं. दोन्ही इंजिनं भंगारात गेली. ब्रिटनमधली स्टेशनं हजारोंनी बंद करण्याची शिफारस करणारा बीचिंग अहवाल 1963 चा, त्यात 2363 स्टेशनांची यादी होती. मॅनिफोल्डची स्टेशनं त्याच्या तीन दशकं आधीच ओस पडली होती.

थोरली मात्र चालतच राहिली. धाकटी गेल्यावर तिने आणखी सत्तर वर्षं काढली.

साहेब आकाशात

कॅलथ्रोपची कथा रुळांवर संपत नाही. जुलै 1910 मध्ये बोर्नमथला विमानांच्या कसरती चालू होत्या. रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स विमान कोसळून मेला. तो कॅलथ्रोपचा मित्र. त्या धक्क्यातून या रेल्वेवाल्याने वैमानिकाचा जीव वाचवणारी हवाई छत्री, म्हणजे पॅराशूट, बनवायचा ध्यास घेतला. तिचं नाव ‘गार्डियन एंजल’. 1917 मध्ये ऑर्ड-लीस नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, जेमतेम दीडशे फुटांवरून, ती घेऊन खाली थेम्समध्ये उडी मारली आणि सुखरूप बाहेर आला. हा ऑर्ड-लीस शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतून जिवंत परतलेला माणूस, त्याला दीडशे फुटांची काय भीती!

तरीही ब्रिटिश वरिष्ठांनी पहिल्या महायुद्धात आपल्या वैमानिकांना ही छत्री दिली नाही. ती वापरली गेली ती शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला. कॅलथ्रोपने यात स्वतःचा पैसा ओतला होता. विमानांतून जळत पडलेल्या तरुण मुलांची संख्या आठवली की हा नकार आजही मनाला लागतो.

त्याला अरबी घोड्यांचाही नाद होता. तो ते पाळत असे, वाढवत असे, आणि घोड्याला प्रेमाने कसं शिकवावं यावर त्याने 1920 मध्ये पुस्तकही लिहिलं. 1927 मध्ये तो वारला. त्याच वर्षी बार्शी लाईट मिरजेला पोचली.

लातूरची जुनी रेल्वे लाईन

1 जानेवारी 1954 ला सरकारने बार्शी लाईट विकत घेतली. पण मापांचा घोळ सुटला नव्हता. लातूर जिल्ह्यात एकीकडे लातूर रोडवरून विकाराबाद–परळी मोठी लाईन, दुसरीकडे लातूर शहरात छोटी. 1992 मध्ये रेल्वेने देशभर एकच माप करायचं धोरण घेतलं आणि छोट्या लाईनींचे दिवस भरत आले. लातूर ते उस्मानाबाद मोठी लाईन 2007 मध्ये आली, उस्मानाबाद ते कुर्डुवाडी 2008 मध्ये. छोटी लाईन उस्मानाबाद शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, कधी शिवलीच नव्हती. तिथल्या माणसाला येडशीला जावं लागे. मोठ्या लाईनीने वळसा घेऊन ही चूक दुरुस्त केली, ते फार बरं झालं.

लातूरला मात्र उलटं घडलं. जुनं स्टेशन शहराच्या पोटात होतं, नवं बाहेर गेलं. रूळ उखडले, पण पत्ते तसेच राहिले. आजही लातुरात दवाखान्याच्या, दुकानाच्या पाटीवर ‘जुनी रेल्वे लाईन’ असा पत्ता असतो, आणि रिक्षावाल्याला तो बरोबर कळतो. मॅनिफोल्डच्या दरीत रुळांची जागा 1937 मध्ये पायवाट झाली, इंग्लंडमधल्या अशा पहिल्या काही पायवाटांपैकी एक. स्वेनस्लीच्या बोगद्यातून आता मोटारी जातात. हल्म एंडच्या स्टेशनात पर्यटकांसाठी केंद्र आहे. आपल्याकडे तेवढी हौस दिसत नाही, आणि ती दिसायला हवी होती. लातूर-बार्शीच्या मधल्या जुन्या मातीच्या भरावांवरून सायकलवाट काढणं काही फार खर्चाचं काम नाही.

कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना तेवढा टिकून आहे. छोट्या लाईनीसाठी सुरू झालेला, आता मोठ्या लाईनीच्या कामाला लागलेला.

विदर्भाची शकुंतला

याच अडीच फुटी मापाची आणखी एक नातलग विदर्भात. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर, शिवाय पुलगाव–आर्वी. लाडाचं नाव शकुंतला. इथेही माल एकच, वऱ्हाडचा कापूस. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेलं वाफेचं इंजिन इथे 1994 पर्यंत राबलं, मग डिझेल आलं. आता या रुळांवर गवत आहे आणि गाडी परत सुरू करा म्हणून लोकांची मागणी आहे.

पाण्याची गाडी

एप्रिल 2016. लातूर शहराच्या नळांना पाणी नव्हतं, टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. राजस्थानातल्या कोट्याला टँकरचे डबे धुऊन-पुसून मिरजेला आणले. 12 एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी लातूरला पोचली: 10 डबे, प्रत्येकात 50,000 लिटर. पुढे 50 डब्यांची गाडी येऊ लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. नाव ‘जलदूत’. पावसाळ्यापर्यंत ती येत राहिली.

मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–बार्शी–लातूर: ही वाट बार्शी लाईटचीच. रूळ बदलले, येडशीनंतर वळण बदललं, पण कृष्णाकाठ आणि लातूर जोडण्याची आखणी 1927 मध्येच पुरी झालेली होती. कापसासाठी आणि वारकऱ्यांसाठी आखलेल्या त्या वाटेने नव्वद वर्षांनी तहानलेल्या शहराला पाणी पोचवलं. रुळांची रुंदी वाढवून ती वाट आधीच तयार नसती, तर 2016 चा उन्हाळा लातूरने कसा काढला असता, याचा विचारही नकोसा वाटतो.

ताजा कलम

लातूरजवळ हरंगुळला, छोट्या गाडीच्या जुन्या थांब्याच्या परिसरात, आता मराठवाडा रेल्वे डबा कारखाना उभा आहे. पायाभरणी मार्च 2018 मध्ये झाली, पहिल्या डब्याचा सांगाडा 25 डिसेंबर 2020 ला तयार झाला. वंदे भारतच्या शयनयान गाड्या बांधण्याचं काम या कारखान्याकडे आलं आहे. बार्शी लाईटचे पहिले डबे तपासून घ्यायला लीड्सजवळ रूळ अंथरावे लागले होते. लातूरच्या डब्यांची परीक्षा आता लातूरच्याच शिवारात होईल.